पहिल्यांदाच केनियाला सफारीला जातोय, नैरोबीतही दोन दिवस आहोत, काय तयारी करावी?

सगळ्यात आधी यलो फिवरची लस घ्या, कारण सर्टिफिकेट लस घेतल्यावर 10 दिवसांनीच व्हॅलिड होतं, आणि मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना आत्ताच विचारून ठेवा. 2024 पासून व्हिसाऐवजी ईटीए, म्हणजे इलेक्ट्रॉनिक प्रवास परवाना, लागतं, ते ऑनलाइन निघतं.

मसाई मारा अभयारण्यात सफारीसाठी छोट्या विमानाने जाणार असाल तर चाकांची कडक सुटकेस नेऊच नका, नैरोबीच्या विल्सन एअरपोर्टवरून सुटणाऱ्या त्या विमानांत साधारण 15 किलोच सामान चालतं आणि तेही मऊ बॅगेत, कारण ती कोंबून बसवावी लागते. प्लास्टिकच्या कॅरीबॅग घरीच ठेवा, 2017 पासून तिथे बंदी आहे.

पहाटेच्या सफारीला जाम थंडी असते हो, आफ्रिका म्हणजे उकाडा असं समजून लोक नुसते टीशर्ट घेऊन जातात आणि उघड्या टपाच्या गाडीत कुडकुडत बसतात, म्हणून जॅकेट हवंच. दुर्बीण प्रत्येकाला वेगळी घ्या, खरंच सांगतो, झाडावरचा बिबट्या दिसला की एकीवरून ओढाओढ होते. सिंहासाठी ड्रायव्हरच्या मागे लागू नका, तो हरणांच्या माना कुठे वळल्यात ते बघत असतो, त्याला त्याचं काम करू द्या.

नैरोबीत रात्री पायी फिरू नका, ॲपवरून टॅक्सी बोलवा. फोन हातात धरून रस्त्यावर उभं राहू नका. शेल्ड्रिकच्या अनाथालयात हत्तीची पिल्लं बाटलीने दूध पितात ते चुकवू नका, फक्त बुकिंग आधी करा.