दीड लाखाची पगारवाढ, हातात किती?

प्रश्न: चाकणला नोकरी, वय ३४, चिंचवडला वडिलांच्या घरी राहतो. अप्रेझलमध्ये साहेब म्हणाले, "काम चोख आहे, पण टीमवर काही सोपवत नाहीस." पगार १२.२० लाखांवरून १३.७० लाख देताहेत. त्यात बेसिक ७ लाख; ६० हजार व्हेरिएबल (कामगिरीनुसार), मार्चमध्ये. होकार देऊ की २० टक्के मागू? वाढ महिना साडेबारा हजार धरून बँकेतून महिना १० हजारांची एन्डोमेंट (विमा अधिक बचत) पॉलिसी घेतली आहे. मागच्या आठवड्यात कागद आले. करही वाचेल.

उत्तर: होकार द्या. दुसरी ऑफर हातात नसताना २० टक्के मागू नका. फीडबॅक मात्र ईमेलवर घ्या: कोणती कामं, कोणाकडे, कधीपर्यंत. तुमचे ६० हजार त्या रेटिंगवर अडकलेत.

आता पॉलिसी. साडेबारा हजार आणलेत कुठून? नव्या करपद्धतीत ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरून आजवर तुम्ही १२ लाखांच्या आत होता, कर शून्य. आता करपात्र उत्पन्न १२.९५ लाख, म्हणजे ती सूट गेली आणि सेससह कर सुमारे ७७ हजार. दीड लाखातले उरले ७३ हजार. त्यातले ६० मार्चमध्ये. दरमहा हातात जेमतेम अकराशे! आणि हप्ता १० हजारांचा.

'करही वाचेल' हे तर धादांत खोटं. नव्या पद्धतीत विम्याच्या हप्त्याची वजावट ('८०सी') नाही. जुनीत गेलात तर भाडं भरत नसल्याने घरभाड्याची सूट नाही. ८०सीचे पूर्ण दीड लाख वजा करूनही कर १.७० लाख.

कागद मिळाल्यापासून ३० दिवस फ्री लूक, म्हणजे पॉलिसी परत करण्याची मुदत, असते. अर्ज विमा कंपनीच्या शाखेत द्या, बँकेतल्या आरएमला (रिलेशनशिप मॅनेजरला) नको. तो गोड बोलून मुदत संपवतो. सोबत मूळ पॉलिसी आणि रद्द केलेला चेक, पोच घ्या. मुद्रांक शुल्क, तपासणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांचं विमासंरक्षण कापून बाकी पैसे परत येतात. खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ताही बंद करा. विमा हवा तर एक कोटीचा टर्म (बचत नसलेला, निव्वळ विमा) घ्या, वर्षाला साधारण १२-१५ हजार.

सुधारित पत्रावर सही करण्याआधी एचआरला एकच विचारा: पगारातले वर्षाला ९८ हजार कंपनीच्या वाट्याचं एनपीएस (राष्ट्रीय पेन्शन योजना) म्हणून वळवता येतील का? बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंत ते नव्या पद्धतीतही वजा होतं. करपात्र ११.९७ लाख, कर शून्य. दरमहा हातात आजच्यापेक्षा सहा-सातशे कमी येतील आणि एनपीएसचे पैसे बरीच वर्षं अडकतील, पण ७७ हजार सरकारला जाणार नाहीत. एफडीचं व्याज असेल तर तेही यात धरा. इथे मोकळीक फक्त तीन हजारांची आहे.