संग्रहालयात लोकांना सामील करायचंय? सुरुवात इथून करा

प्रदर्शन लोकांच्या सहभागातून उभं करायचा तुमचा उत्साह आवडला. फक्त पहिल्याच प्रदर्शनात सगळं लोकांवर सोपवू नका. एक प्रश्न आणि लोकांची उत्तरं लावायला एक भिंत, एवढ्यावर सुरू करा.

सगळ्यात जास्त वेळ त्या प्रश्नावर घालवा. 'प्रदर्शन कसं वाटलं?' असं विचारलंत तर 'छान' एवढंच हाती येईल. 'घरातली कोणती वस्तू तुम्ही कधीच टाकणार नाही, आणि का?' यावर माणूस थांबून विचार करतो. केपटाउनमध्ये १९९४ साली सुरू झालेल्या डिस्ट्रिक्ट सिक्स संग्रहालयाने वर्णभेदाच्या काळात डिस्ट्रिक्ट सिक्स या वस्तीतून हुसकावलेल्या रहिवाशांसाठी जमिनीवर त्या वस्तीचा मोठा नकाशा मांडला. लोकांनी त्यावर आपापल्या घराच्या जागी नावं लिहिली. कोऱ्या कागदापुढे माणूस बिचकतो. चौकट आखून दिली की मोकळा होतो.

नवखे हमखास चुकतात ते असे:

- सगळं ठरल्यावर लोकांना बोलावतात. विषय पक्का होण्याआधीच भेटा, तेही त्यांच्या वस्तीत जाऊन.
- चिठ्ठ्या जमवतात, पण वाचत नाहीत. निवडक उत्तरं लगेच भिंतीवर लागली पाहिजेत.
- ज्यांच्या आठवणी घेतल्या त्यांची परवानगी, श्रेय आणि मानधन विसरतात. मला हे सगळ्यात जास्त खटकतं.

टचस्क्रीन, ॲप सध्या बाजूला ठेवा. कार्डं, पेन्सिली आणि शेजारी गप्पा मारणारा एक माणूस पुरे. भिंत खुली करण्याआधी तुमचा प्रश्न चार-पाच अनोळखी लोकांना विचारून बघा. ते अडखळले, तर प्रश्न बदला.