जुन्या वेबसाइटवरच्या तुटलेल्या लिंक शोधायला क्रॉलर कसा लावायचा?

तुमची अडचण मला अशी समजली: साइट काही हजार पानांची आणि बरीच जुनी. लिंक तपासायला क्रॉलर (पानामागून पान आपोआप उघडून बघणारा प्रोग्राम) लावला, तर तो रात्रभर थांबेचना. शेवटी बंद करून रिपोर्ट पाहिला, तर चुकांचा ढीग, आणि त्यातल्या कितीतरी लिंक ब्राउझरमध्ये व्यवस्थित उघडतात. म्हणून विचारताय की टूल बदलू का.

टूल बदलून काही होणार नाही. लिंकचेकर घ्या, स्क्रीमिंग फ्रॉग घ्या (त्याची फुकट आवृत्ती ५०० पत्त्यांवर थांबते, तुम्हाला पुरणार नाही) किंवा डब्ल्यूगेटचा स्पायडर मोड; पान आणायचं, त्यातल्या लिंक काढायच्या, आधी पाहिलेल्या सोडून बाकीच्या रांगेत लावायच्या, एवढंच सगळे करतात. क्रॉलर न थांबण्याचं कारण बहुतेक वेळा साइटमध्येच सापडतं.

म्हणून क्रॉलर सुरू करण्याआधी एक चाचणी करा. साइटच्या पत्त्यापुढे काहीतरी अर्थहीन अक्षरं टाका आणि सर्व्हर कोणता स्टेटस कोड (विनंतीचं काय झालं ते सांगणारा तीन आकडी क्रमांक) देतो ते ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये, नेटवर्क टॅबवर बघा. तिथे ४०४, म्हणजे ‘पान नाही’, यायला हवा. ‘पान सापडले नाही’ असा मजकूर दिसतोय पण कोड २०० (‘सगळं ठीक’) आहे, तर क्रॉलरच्या लेखी ते पान ठणठणीत आहे. अशा साइटवर तुटलेली लिंक कुठलंच टूल सरळ पकडू शकत नाही. आधी सर्व्हर दुरुस्त करून घ्या.

न थांबण्याचं मूळही पुष्कळदा इथेच असतं. समजा, मेनूमध्ये कुणी ‘/संपर्क/’ ऐवजी नुसतं ‘संपर्क/’ लिहिलंय. मुखपृष्ठावरून ती लिंक बरोबर चालते, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही. पण ‘/अहवाल/’ या पानावरून तीच लिंक ‘/अहवाल/संपर्क/’ अशी होते. असं पान नाहीच, तरी सर्व्हर २०० देऊन कुठलंतरी पान पुढे करतो. त्या पानावर पुन्हा तोच मेनू, मग ‘/अहवाल/संपर्क/संपर्क/’, आणि ही साखळी संपतच नाही. क्रॉलरच्या लॉगमध्ये पत्ते असे लांबत जाताना दिसले की थांबवा आणि मेनूतल्या त्या लिंकच्या सुरुवातीला तिरकी रेघ (/) घाला. ‘पुढचा महिना’ असं बटण असलेलं कॅलेंडर, किंवा यादीचे फिल्टर आणि क्रम बदलणाऱ्या लिंक यांचंही तेच. ते पत्ते वगळण्याचा नियम द्या आणि खोलीला, म्हणजे मुखपृष्ठापासून किती लिंक आत जायचं त्याला, मर्यादा घाला.

आणखी एक, आणि हे खरंच जपा: क्रॉलरला ॲडमिनच्या लॉगिनने कधीही सोडू नका. ‘डिलीट’ ही जर साधी लिंक असेल, तर तो तीही उघडून बघणार. त्याला पुष्टीच्या खिडक्या दिसत नाहीत.

आता ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या ‘तुटलेल्या’ लिंक. ४०३ म्हणजे बऱ्याचदा समोरच्या सर्व्हरने यंत्राला दार बंद केलंय, पान आहेच. ४२९ म्हणजे तुम्ही फार वेगाने विचारताय. काही टूल पूर्ण पान न मागता हेड विनंतीने फक्त पानाची माहिती मागतात. काही सर्व्हर त्यावर ४०५ (‘अशी विनंती चालत नाही’) देतात, क्वचित चक्क ४०४सुद्धा. तेच पान गेट विनंतीने, म्हणजे ब्राउझरसारखं पूर्ण, मागितलं की येतं. टाइमआउट झालेल्या (वेळेत उत्तर न आलेल्या) लिंक दुसऱ्या दिवशी परत तपासा. लगेच हात लावायच्या म्हणजे ४०४, ४१० आणि डोमेनच न सापडणाऱ्या. ४१० म्हणजे तर मालकाने स्वतःच सांगितलंय की पान कायमचं काढलं.

वेग कमीच ठेवा. एकाच वेळी दोन-तीन विनंत्या पुरतात. घाई केलीत तर तुमचाच सर्व्हर ५०३ (‘सध्या सेवा देता येत नाही’) देऊ लागेल आणि त्या खोट्या चुकाही रिपोर्टमध्ये जमा होतील. यूजर-एजंटमध्ये (क्रॉलर सर्व्हरला स्वतःची जी ओळख सांगतो तिच्यात) संपर्काचा पत्ता द्या आणि इतरांच्या साइटवर रोबॉट्स फाइल (क्रॉलरनी कुठे जाऊ नये ते सांगणारी robots.txt) पाळा. बाहेरच्या लिंक तपासायच्या की नाही हेही टूलला सांगावं लागतं. लिंकचेकर आपणहून त्या तपासत नाही, तो पर्याय चालू करावा लागतो.

रिपोर्ट वाचताना पानांप्रमाणे नव्हे, तुटलेल्या पत्त्याप्रमाणे गट करा. फूटरमधली एक लिंक गेली की ती प्रत्येक पानाखाली एकदा मोजली जाते. हजारो चुकांचा रिपोर्ट असा बघितला की बहुतेक वेळा टेम्प्लेटमधल्या (सगळ्या पानांच्या सामाईक साच्यातल्या) मोजक्या दुरुस्त्यांत बराचसा मोकळा होतो. उरतात त्या लेखांमधल्या सुट्ट्या लिंक, त्या हातानेच सुधाराव्या लागतात. पान हललं असेल तर नवा पत्ता घाला. बाहेरचं पान कायमचं गेलं असेल तर वेबॅक मशीनवर (वेबपानांच्या जुन्या प्रती जपणाऱ्या साइटवर) त्याची जुनी प्रत मिळते का बघा. तुमची स्वतःची पानं हलली असतील तर ३०१ (जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचं वळण) लावा, पण त्याच विषयाच्या पानाकडे. सगळं सरसकट मुखपृष्ठाकडे वळवू नका. वाचकाला हवं ते मिळत नाही आणि गूगलही असं वळण ‘पान नाही’ असंच धरू शकतं.

एकदा साफ झालं की आतल्या लिंकची तपासणी प्रत्येक मोठ्या बदलानंतर आणि बाहेरच्यांची महिन्यातून एकदा, कमी वर्दळीच्या वेळी आपोआप लावून टाका. मागच्या रिपोर्टशी ताडून फक्त नव्या चुका ईमेलने येतील अशी सोय केलीत, तर तो रिपोर्ट पुढेही उघडला जाईल.