कायदा आणि केसपेपर: आरोग्य कर्मचाऱ्यांचे प्रश्न

प्रश्न: गरोदरपणाच्या नोंदणीला आलेल्या मुलीच्या शाळेच्या दाखल्यावर वय 17 वर्षे 4 महिने निघालं. लग्न झालेलं आहे, कुणाचीही तक्रार नाही. सासू म्हणते, "ताई, 19 लिहा ना." वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या कानावर घातलं की माझी जबाबदारी संपते का?
– आरोग्यसेविका, नंदुरबार जिल्हा

उत्तर: नाही. 18 वर्षांखालील मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याचं कलम 19 'कोणतीही व्यक्ती' असं म्हणतं. असा गुन्हा ज्याला कळला त्याने विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायचं. न कळवल्यास कलम 21 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. लग्न झालंय म्हणून सुटका नाही. 15 ते 18 वयाच्या पत्नीबाबत बलात्काराच्या व्याख्येत असलेली पतीची सूट सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्येच काढून टाकली.

पण पहिलं काम तपासणीचं. रक्तदाब, हिमोग्लोबिन, टीडीचं (धनुर्वात-घटसर्प) इंजेक्शन, माता-बाल संरक्षण कार्ड, सगळं त्याच दिवशी. 'आधी पोलिसांचं पत्र आणा' म्हणून परत पाठवणं ही सर्वांत मोठी चूक. कागदांसाठी तातडीचे उपचार अडवायला पोक्सो नियम, 2020 मध्ये स्पष्ट मनाई आहे. शिवाय एकदा परतवलेली मुलगी बहुधा थेट घरच्या बाळंतपणातच सापडते, तीही हिमोग्लोबिन फार कमी झालेल्या अवस्थेत.

दाखल्यावर आहे तेच वय लिहा आणि पुढे 'शाळा सोडल्याच्या दाखल्यावरून' अशी नोंद करा. 19 लिहून मुलीचं भलं होत नाही. पुढे रुग्णालयात आधार कार्ड निघतं, दोन वयं समोरासमोर येतात आणि रजिस्टरवर सही तुमची असते. कुणाला शिक्षेतून वाचवण्यासाठी लोकसेवकाने खोटी नोंद करणं हा वेगळा गुन्हा आहे. 'संमतीने', 'प्रेमसंबंध' असले शेरेही केसपेपरवर नकोत. तो निवाडा आपला नाही.

पोलिसांकडे माहिती दिली की नोंद क्रमांक मागून घ्या. माहिती लेखी घेऊन, तिला क्रमांक देऊन, तुम्हाला वाचून दाखवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. क्रमांक व तारीख आपल्या दैनंदिनीत उतरवा. सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल तुमच्यावर दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही, हे त्याच कलम 19 मध्ये आहे. सासरच्यांनी धमकावलं तर उपयोगी पडेल.

'आता नाव द्यावं लागत नाही' असं अनेक सेविका सांगतात. ते अर्धवट आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या 29 सप्टेंबर 2022 च्या निकालातली ती सवलत गर्भपात करणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरांपुरती आहे. अल्पवयीन मुलगी आणि तिचे पालक यांनी विनंती केली तर नाव व ओळख गाळता येते. माहिती मात्र द्यावीच लागते. प्रसूतिपूर्व तपासणी करणाऱ्या सेविकेला ती लागू नाही.

मर्जीने पळून जाऊन लग्न केलेल्या 17 वर्षांच्या मुलीला हा कायदा फार जड पडतो, हे आम्हालाही पटतं. पण तो वाद रजिस्टरमध्ये वय बदलून मिटणार नाही.

प्रश्न: वकिलांचं व्याख्यान ठेवलं, सगळ्यांनी माना डोलावल्या, महिन्याभराने पाटी कोरीच. तालुक्यात कायद्याचं प्रशिक्षण कसं घ्यावं?
– तालुका आरोग्य अधिकारी

उत्तर: कलमं आणि शिक्षा वाचून दाखवल्या की भीती तेवढी वाढते, आणि घाबरलेला कर्मचारी लिहायचंच टाळतो. मासिक सभेत अर्धा तास ठेवा, एका वेळी एकच कायदा. प्रत्येकीने आपलं रजिस्टर आणावं. वरच्यासारखं एक प्रकरण फळ्यावर मांडा आणि प्रत्येकीला चार ओळी लिहायला लावा: आधी काय करेन, कुणाला कळवेन, काय लिहीन, काय विचारणार नाही. मग कागद अदलाबदल करून तपासा. चुका तिथेच दिसतात. 'डॉक्टरांना सांगेन' एवढंच बऱ्याच कागदांवर निघेल.

वकील हवेच असतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे लेखी मागणी करा. त्यांच्याबरोबर ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्यालाही बोलवा. बाल न्याय कायद्याने प्रत्येक ठाण्यात असा एक अधिकारी असतो. रात्री फोन करायची वेळ आली तर ओळखीचा आवाज बरा. भिंतीवरचे तक्तेही बघा. 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू आहेत, त्यामुळे पीडितेच्या वैद्यकीय तपासणीचं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम 164-अ आता नागरिक सुरक्षा संहितेचं 184 झालं आणि मोफत उपचाराचं 357-क आता 397.

प्रश्न: सरपंच योजनेसाठी गावातल्या एचआयव्ही रुग्णांची यादी मागतात. द्यावी का?
– आशा कार्यकर्ती

उत्तर: नाही. 2017 च्या एचआयव्ही कायद्याच्या कलम 8 नुसार त्या व्यक्तीची माहितीपूर्वक संमती आणि त्या संमतीची लेखी नोंद असल्याशिवाय नाव उघड करता येत नाही. योजनेची माहिती तुम्ही रुग्णाला द्या. अर्ज करायचा की नाही, ते तो ठरवेल. सरपंचांनी फारच लावून धरलं तर मागणी लेखी द्यायला सांगा.