लीपला मराठीत काय म्हणायचं? कोंबड्याला विचारा

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका शिक्षिकाबाईंनी विचारलंय : 'वर्गात एका मुलानं लीप सेकंदाला मराठी शब्द विचारला. मी "अधिक सेकंद" सांगितलं. शिक्षकखोलीत एका सरांनी "झेप सेकंद" सुचवलं. बरोबर कोणतं? आणि आपला धोंड्याचा महिना म्हणजे मराठी लीप वर्षच ना?'

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण २०२३ च्या अधिक श्रावणात हे 'मराठी लीप वर्ष' ऐकून ऐकून माझे कान किटले. नाही हो बाई. चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांत उरकतात, ऋतूंचा फेरा ३६५ दिवस घेतो. दरसाल अकरा दिवसांची तूट. ती साचत साचत सरासरी साडेबत्तीस महिन्यांनी एका महिन्याएवढी होते, आणि ज्या चांद्रमासात संक्रांतच पडत नाही, म्हणजे सूर्य रास बदलत नाही, तो महिना अधिक धरतात. धोंडा चंद्राला सूर्याच्या बरोबरीनं आणतो. लीप वर्षाचा चंद्राशी काडीचा संबंध नाही. शिवाय धोंड्यात जावयाला ताटभर अनारसे मिळतात, २९ फेब्रुवारीला कुणी चहासुद्धा पाजत नाही.

दुसरी तिडीक बातम्या वाचणाऱ्यांची. 'पृथ्वीचं परिभ्रमण मंदावल्यानं लीप सेकंद' असं बिनदिक्कत सांगतात. परिभ्रमण सूर्याभोवती, परिवलन स्वतःभोवती. पाचवीतला भूगोल आहे. सूर्याभोवतीच्या फेऱ्यात दिवसांचा पूर्ण भाग जात नाही, वर सुमारे पावणेसहा तास उरतात, म्हणून लीप वर्ष. लीप सेकंदाचं कारण परिवलन. चंद्रामुळं येणारी भरती-ओहोटी पृथ्वीच्या गिरकीला ब्रेक लावत असते. अणुघड्याळाला त्याचं सोयरसुतक नाही, ते आपल्या ठेक्यात चालतं. दोघांतली तफावत फार वाढू नये म्हणून १९७२ पासून आजवर २७ वेळा एकेक सेकंद घुसडला गेला.

लीप वर्ष नसतं तर काय झालं असतं, हे कोल्हापुरात फळ्यावर शिकवायची गरजच नाही. मुलांना ९ नोव्हेंबरला मावळतीच्या सुमाराला अंबाबाईच्या देवळात न्या. महाद्वारातून किरणं आत येतात, ९, १० आणि ११ तारखेला चरणांपासून मुखापर्यंत चढत जातात. जानेवारीअखेरीला आणि फेब्रुवारीच्या सुरुवातीला पुन्हा तेच. हा किरणोत्सव देवीचा असून तिथीवर चालत नाही, इंग्रजी तारखेवर चालतो, कारण किरणांना चंद्र ठाऊक नसतो. फेब्रुवारीतला तो जादा दिवस कुणी घातलाच नसता, तर दर चार वर्षांनी किरणोत्सव एक तारीख पुढं सरकला असता. चाळीस वर्षांत ९ चा १९ नोव्हेंबर.

'लीप' हे नाव कशावरून, तेही ह्याच तारखेत दिसतं. ९ नोव्हेंबर २०२२ ला बुधवारी आला, २०२३ ला गुरुवारी. एकेक वार पुढं, शिस्तीत. २०२४ ला? शनिवारी. मधला शुक्रवार ओलांडून उडी मारली. तेवढीच ती उडी.

आता 'झेप'. सरांचा राग मानू नका, पण झेप घारीची असते, वाघाची असते. समोर काहीतरी हेरून घेतलेली असते. कॅलेंडरानं कुठलं सावज हेरलंय? आणि हिंदीवाल्यांचं 'अधिवर्ष' तर मला घशाखालीच उतरत नाही. अधिपती म्हणजे जादा पती नव्हे! 'अधिक' हे 'अधि'चंच पोर आहे, 'अधिमास' हा जुना सोन्यासारखा शब्द आहे, हे मला सांगायला येऊ नका. अधिमासात अख्खा मास जादा असतो. अधिवर्षात वर्ष जादा असतं का? असतो एक दिवस. वर्ष तेच, फक्त लांबलेलं. कोशात छापलं म्हणून चूक बरोबर होत नाही.

मग लांबलेल्या वर्षाला म्हणायचं काय? प्लुत वर्ष. गेली कित्येक वर्षं भेटेल त्याला हे सांगतोय.

'प्लु' धातूचे अर्थ तरंगणं आणि उडी मारणं. उड्या मारत जाणारा तो प्लवंग, म्हणजे माकड. व्याकरणात 'मंडूकप्लुती' आहे : एका सूत्रातला शब्द मधली सूत्रं ओलांडून बेडकासारखा पुढच्या सूत्रात जाऊन बसतो. ९ नोव्हेंबरनं शुक्रवार ओलांडला तो अगदी तस्सा. म्हणजे 'प्लुत'मध्ये उडी आली. पण त्याच व्याकरणात प्लुत म्हणजे लांबवलेला स्वरही! ऱ्हस्व एक मात्रा, दीर्घ दोन, प्लुत तीन. उडी मारलेलं आणि लांबलेलं, दोन्ही एका शब्दात. इंग्रजीच्या 'लीप'ला यातलं अर्धंच जमलंय.

एकाच शब्दाला हे दोन अर्थ का? पाणिनी सांगतो की लांबून हाक मारताना शेवटचा स्वर प्लुत होतो. उसाच्या फडात या टोकाचा गडी त्या टोकाच्या गड्याला 'ए भावाऽऽऽ' म्हणून ओरडतो तेव्हा तो पाणिनीचा नियमच पाळत असतो, फक्त त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ती हाक मधला ओढा, बांध, सगळं ओलांडून पलीकडं पडते. स्वर उडी मारतो म्हणून तो प्लुत. हे शेवटचं वाक्य माझं आहे, पाणिनीच्या नावावर खपवू नका.

खरी मजा पुढं आहे. ऱ्हस्व, दीर्घ, प्लुत यांची व्याख्या करताना पाणिनीनं स्वर निवडला तो 'उ'. पहिला स्वर 'अ' सोडून 'उ' का? परंपरा सांगते, कोंबड्याच्या आरवण्यात उ, ऊ, ऊऽऽऽ हे तिन्ही ओळीनं ऐकू येतात म्हणून. आता आपला मराठी कोंबडा म्हणून बघा. मोठ्यानं. कुकूच कूऽऽऽ. कु ऱ्हस्व, कू दीर्घ, शेवटचा कूऽऽऽ प्लुत! लहान पोराच्या चित्रांच्या पुस्तकात आपण अख्खं सूत्र छापत आलोय. मध्ये तो 'च' कशाला घुसलाय ते कोंबड्यालाच माहीत. (बाकीच्या भाषांतले कोंबडेही तपासले. इंग्रजी कोंबड्याला व्याकरण येत नाही.)

आणि कोंबडा म्हणजे कोण? माणसाचं पहिलं गजराचं घड्याळ. मात्रा मोजायला शिकवणारा आणि वेळ सांगणारा एकच प्राणी, हा योगायोग मानायचा तर माना.

आजवरचा शेवटचा लीप सेकंद ३१ डिसेंबर २०१६ च्या रात्री घातला, पण ती रात्र ग्रिनिचची. आपल्याकडं १ जानेवारी २०१७ ची पहाट उजाडत होती. घड्याळांनी ५ वाजून २९ मिनिटं ५९ सेकंदांनंतर लगेच साडेपाच दाखवायचे नव्हते, मध्ये '६०' दाखवायचे होते. मी थंडीत मफलर गुंडाळून, मोबाइल हातात धरून गच्चीवर बसलो होतो. ५९ झाले आणि थेट शून्य. मोबाइलनं सेकंद गिळला होता. तेवढ्यात मागच्या बोळातल्या खुराड्यातून कूऽऽऽ झालं. मोबाइलनं लपवली ती मात्रा कोंबड्यानं पुरेपूर मोजली. बायको खालून म्हणाली, 'खाली येताय का दार लावू?' तिच्या 'लावू'तला ऊसुद्धा चांगला तीन मात्रांचा होता.

एका सेकंदापायी एवढा आटापिटा कशाला, असं म्हणणाऱ्यांना माझं एकच सांगणं असतं : कोल्हापूरकर तसेही उसन्या वेळेवर जगतात. आपली प्रमाण वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखावृत्ताची. कोल्हापूर पडतं सव्वाचौऱ्याहत्तरच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या ३३ मिनिटं मागं. गंगावेशीत पहाटे धारोष्ण दूध प्यायला उभा राहणारा माणूस त्या अर्ध्या तासाबद्दल कधी कुरकुरत नाही. मग एका सेकंदाचं काय घेऊन बसलात?

हां, सेकंद. तुमचा प्रश्न सेकंदाचा होता.

प्लुत सेकंद म्हणू नका. वर अधिवर्षाला लावलेला न्याय इथंही लावावा लागतो. सेकंद लांबत नाही, तो नेहमीएवढाच असतो. लांबतं ते मिनिट, कारण त्यात ६१ सेकंद भरतात. म्हणून प्लुत मिनिट आणि प्लुत वर्ष. आणि आत घुसलेला सेकंद? तो जादाचाच असतो, तेव्हा 'अधिक सेकंद' हे तुमचं उत्तर बरोबर ठरतं. मला ते तितकंसं आवडत नाही, पण बरोबर आहे.

न आवडण्याचं कारण एवढंच की आपल्याकडं 'अधिक'च्या मागोमाग 'निज' येतो. अधिक श्रावण, मग निज श्रावण, नाव तेच दोनदा. रोमन लोकांचं असंच होतं. फेब्रुवारीत २४ तारखेचा, म्हणजे मार्चच्या प्रतिपदेआधीचा सहावा दिवस ते दोनदा मोजत आणि त्याला 'दोनदा सहावा' म्हणत. लीप वर्षाचं लॅटिन नाव त्यावरूनच पडलं. सीझरच्या पंचांगात वृद्धितिथी! लीप सेकंदाला मात्र ६० हा स्वतःचा आकडा असतो, तो कुणाची पुनरावृत्ती नसतो.

शब्द रुळवायचा असेल तर घाई करा. लीप सेकंदाची ही पद्धत २०३५ पर्यंत मोडीत काढायचं वजनमापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेनं २०२२ मध्ये ठरवलंय. प्लुत वर्ष मात्र टिकणार. पुढचा २९ फेब्रुवारी २०२८ चा, आणि तो पडतो शके १९४९ मध्ये. पंचांग काढून त्या संवत्सराचं नाव बघा. प्लवंग! उड्या मारत जाणारा. साठ संवत्सरांतून नेमका हाच. कुणी तरी हे माझ्याआधी ओळखलं असेल, पण अजून तरी तसं कुणी भेटलं नाही.

त्या मुलाला 'अधिक सेकंद' बरोबर म्हणून सांगा. फक्त 'मग निज सेकंद कुठला?' असं त्यानं विचारलं, तर त्याला माझ्याकडं पाठवा.