पत्त्यांची ती फाइल काढून टाक

प्रिय,

तुझा प्रोग्राम नीट वाचला. कोड स्वच्छ आहे, आणि एलिप्टिक कर्व्हवरची (बिटकॉइनच्या कीज ज्या गणितावर चालतात त्यातली) बेरीज जलद करायची युक्ती तू छान साधली आहेस. माझी हरकत आहे ती कोडशेजारी ठेवलेल्या फाइलला. ज्यांच्यावर पैसे शिल्लक आहेत अशा बिटकॉइन पत्त्यांची यादी तिच्यात आहे. रँडम प्रायव्हेट की (पत्त्यावरचे पैसे हलवू देणारा गुप्त आकडा) बनवायची, तिचा पत्ता काढायचा, तो यादीत आहे का बघायचं. "मी कुणाचं काही फोडत नाही, नुसते आकडे तपासते," असं तू लिहितेस. त्यावरच मला बोलायचं आहे.

आधी हिशेब करू. बिटकॉइनचे जुन्या पद्धतीचे पत्ते 160 बिटांच्या हॅशमधून, म्हणजे कीवरून गणिताने काढलेल्या ठरावीक लांबीच्या आकड्यातून, येतात. एकाच पत्त्याला लागू पडणाऱ्या कीज सरासरी 2 चा 96 वा घात इतक्या निघतात, तेव्हा टक्कर, म्हणजे तुझी की दुसऱ्याच्या पत्त्याला लागू पडणं, तत्त्वतः शक्य आहे हे तुझं म्हणणं खरं. आता तुझ्या यादीत पाच कोटी पत्ते धर. सेकंदाला अब्ज कीज तपासणारी दहा लाख ग्राफिक्स कार्डं तुझ्याकडे आहेत असंही धर. तरी पहिली टक्कर व्हायला सरासरी 10 च्या 18 व्या घाताच्या आसपास वर्षं लागतील. विश्वाचं आजवरचं वय त्याच्यापुढे कोट्यवधी पटींनी लहान आहे. 2016 मध्ये सुरू झालेल्या लार्ज बिटकॉइन कोलायडरने अनेकांचे संगणक एकत्र जुंपून हाच शोध घेतला. त्यात हाती लागल्या त्या प्रामुख्याने कोड्यासाठी मुद्दाम लहान ठेवलेल्या कीज. (आणि 2017 मध्ये त्याच्या क्लायंटवर, म्हणजे सहभागी लोक आपल्या संगणकावर चालवत त्या प्रोग्रामवर, आक्षेप आला, की सर्व्हरवरून येणारा कोड तो तुमच्या मशीनवर चालवू शकतो. परक्याचा असला प्रोग्राम स्वतःच्या लॅपटॉपवर चालवण्याआधी हे आठव.)

म्हणजे तुझ्या प्रोग्रामला काहीच सापडणार नाही, मग कसली नीती आणि कसलं काय, असं तुला वाटेल. पण सहा महिने काही सापडलं नाही की माणूस शोध आवळतो. संपूर्ण अवकाश सोडून "जिथे सापडायची शक्यता आहे" तिथे वळतो. म्हणजे कुठे? जिथे कुणाची तरी की कच्ची बनली आहे तिथे. 2013 मध्ये अँड्रॉइडच्या रँडम आकडे बनवणाऱ्या भागात दोष निघाला आणि फोनवरच्या वॉलेटमधून (कीज सांभाळणाऱ्या अ‍ॅपमधून) लोकांचे पैसे गेले. 2023 मध्ये मिल्क सॅड नावाने ओळखली जाणारी त्रुटी उघड झाली. एका नावाजलेल्या मुक्त साधनाने सीड (ज्यातून वॉलेटच्या सगळ्या कीज निघतात तो मूळ आकडा) बनवताना फक्त 32 बिटांची अनिश्चितता वापरली होती, म्हणजे उण्यापुऱ्या 430 कोटी शक्यता. तुझं कार्ड एवढं किती वेळात उरकेल ते तूच सांग. ज्यांचे पैसे गेले ती माणसं निष्काळजी नव्हती. त्यांनी साधनावर विश्वास ठेवला होता, एवढंच.

म्हणून मी म्हणतो, त्या यादीशी की जुळली तर ते बहुधा नशीब नसेल. कुणाच्या तरी वाट्याला आलेला दोष तुला सापडलेला असेल. आणि "हा पत्ता पाच वर्षं हललेला नाही" याचा अर्थ तो बेवारस आहे असा होत नाही. कुणी मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलं असेल, कुणी आजारी असेल, कुणी गेला असेल आणि घरचे कागद शोधत असतील. ब्लॉकचेनवर, म्हणजे व्यवहारांच्या जाहीर नोंदवहीत, यातलं काहीच दिसत नाही. मालकाचं नाव तुला दिसत नाही म्हणून मालक नाही असं ठरत नाही.

इंडिपेंडंट सिक्युरिटी इव्हॅल्युएटर्सच्या अभ्यासकांनी 2019 मध्ये इथेरियम या दुसऱ्या क्रिप्टोचलनावर अशा अंदाज करता येणाऱ्या 732 कीज मांडल्या. वॉलेट सगळी रिकामी होती. एक चोर त्यांच्या आधीच तिथे टपून बसला होता. त्यांनी अशा एका पत्त्यावर मुद्दाम एक डॉलर टाकला, तो काही सेकंदांत उचलला गेला. त्या चोराचा प्रोग्राम आणि तुझा प्रोग्राम यांत शेवटच्या दहा-वीस ओळींचाच फरक आहे, आणि त्या ओळी तू अजून लिहिलेल्या नाहीस याचा मला मनापासून आनंद आहे.

"चोराच्या हाती पडण्यापेक्षा मीच काढून सुरक्षित ठेवलं तर?" हा तुझा प्रश्न प्रामाणिक आहे आणि खरोखर अवघडही आहे. डिसेंबर 2014 मध्ये ब्लॉकचेन.इन्फो या वॉलेटसेवेत दोष शिरला, तेव्हा जोहो या टोपणनावाच्या माणसाने अडीचशेहून जास्त बिटकॉइन उचलले आणि परत केले. मला त्याच्याबद्दल आदर आहे. पण तिथे दोष कुठून आला ते माहीत होतं आणि परत द्यायला समोर एक कंपनी होती. तू परत कुणाला देणार? पहिला जो येऊन "माझेच आहेत" म्हणेल त्याला? मिल्क सॅडच्या शोधकांनी दोष जाहीर केला आणि आपली सीड धोक्यात आहे का, हे मालकांना स्वतःच तपासता यावं अशी सोय केली. मला हा रस्ता जास्त पटतो. माझं मत विचारशील तर पैसे हलवू नकोस. दोष कुठल्या साधनाचा आहे ते शोध, बनवणाऱ्यांना गुपचूप कळव, त्यांना वेळ दे, मग जाहीर कर.

कायद्याचंही सांगतो. सापडलेली वस्तू मालकाला देण्यासाठी ठेवणं गुन्हा नाही, पण मालक शोधायचा वाजवी प्रयत्न न करता आणि त्याला वाजवी वेळ न देता ती आपलीशी करणं गुन्हा आहे, हे तत्त्व 1860 च्या दंड संहितेत कलम 403 मध्ये होतं आणि आज भारतीय न्याय संहितेच्या कलम 314 मध्ये आहे. शिवाय वॉलेटमधलं बिटकॉइन रस्त्यात पडलेलं नसतं, ते कुणाच्या तरी ताब्यात असतं. "फक्त आकडे तपासत होते" हा बचाव पैसे हलवल्यावर टिकेल असं मला वाटत नाही.

हे सगळं सोडून दे असं मी म्हणत नाही, उलट ये. जानेवारी 2015 मध्ये कुणीतरी 256 पत्त्यांवर बिटकॉइन ठेवले, पहिल्याची की 1 बिटाची, दुसऱ्याची 2 बिटांची, अशा चढत्या क्रमाने. फोडा आणि घ्या, हाच उद्देश. तिथे मालकाची संमती आहे, म्हणून तिथे तुझी सगळी हुशारी पणाला लाव. फक्त 66 व्या कोड्याचं काय झालं ते आधी वाच. सप्टेंबर 2024 मध्ये एकाने की शोधली, व्यवहार नेटवर्कवर पाठवला, पब्लिक की (प्रायव्हेट कीची उघड जोडीदार) उघडी पडली आणि तिच्यावरून प्रायव्हेट की काढून कुणाच्या तरी बॉटने (आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामने) 6.6 बिटकॉइन वाटेतच पळवले. 66 बिटांची की पब्लिक की दिसताच किती वेळ टिकते, याचा हिशेब पोलार्डच्या कांगारू पद्धतीने (पब्लिक कीवरून मर्यादित टप्प्यातली प्रायव्हेट की शोधायच्या रीतीने) करून मला दाखव. हा तुझा पुढचा अभ्यास.

ती यादी काढून टाक, तिच्या जागी तू स्वतः बनवलेल्या हजार कच्च्या कीजचे पत्ते घाल आणि प्रोग्राम पुन्हा पाठव. बॅच इन्व्हर्शनमध्ये (अनेक आकड्यांचे व्यस्त एकदम काढायच्या भागात) एक चूक दिसते आहे, शून्य आल्यावर पूर्ण बॅच बिघडते. तेही बघ.

सप्रेम आशीर्वाद.