लगोरी कोण रचणार, बाई की मुलं?

वाचकांचे प्रश्न

या महिन्यात खेळाची थीम घेऊन विशेष मुलांसाठी सेन्सरी (म्हणजे स्पर्श, आवाज अशा संवेदनांचे खेळ), क्राफ्ट आणि कुकिंग कसं करायचं यावर मला, एका थेरपिस्टला, बरीच पत्रं आली. सगळी नाशिक आणि आसपासचीच आहेत. निवडक प्रश्न घेतलेत, थोडे छोटे करून.

प्रश्न: मी पंचवटीतल्या एका शाळेत रिसोर्स टीचर आहे. २९ ऑगस्टला राष्ट्रीय क्रीडा दिन असतो, त्या आठवड्यात खेळ ही थीम घ्या आणि सेन्सरी, क्राफ्ट, कुकिंग तिन्ही बसवा असं सांगितलंय. आठ-नऊ मुलं आहेत, दोघं ऑटिस्टिक, एका मुलीला जवळजवळ दिसत नाही, एकाला सीपी (सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूमुळे हालचालींवर ताबा कमी) आहे, बाकीच्यांना शिकायला वेळ लागतो. बजेट नावालाच आहे. दरवर्षी आम्ही ऑलिम्पिकच्या पाच रिंगा आणि कागदी मेडल करतो, त्यापेक्षा वेगळं काहीतरी सुचवा ना.

उत्तर: रिंगा वाईट नाहीत हो ताई, पण राग मानणार नसाल तर विचारते, त्या रिंगा कापतं कोण? शाळांच्या प्रदर्शनात मी बघते, चकाचक क्राफ्ट, एक कड वाकडी नाही, म्हणजे बाईंनी आदल्या रात्री बसून केलेलं असतं आणि मुलाने शेवटी एक टिकली चिकटवलेली असते. तसं नको असेल तर आठवडाभर पाच खेळ घेऊ नका, एकच घ्या. मी लगोरी घेईन. त्यात रचणं आहे, नेम आहे, आवाज आहे, पडल्याची मजा आहे, आणि ती समजावून सांगावी लागत नाही.

पहिले दोन दिवस फक्त लगोऱ्या करा. जाड पुठ्ठ्याच्या सात चकत्या, मोठी ते लहान, पुठ्ठा कापायला कठीण असतो तेवढा तुम्ही कापा, बाकी सगळं मुलांवर सोडा. प्रत्येक चकतीवर वेगळं काहीतरी चिकटवायचं, गोणपाट, काचपेपर, जुन्या ब्लाऊजपीसची मखमल, बबल रॅप, सुतळी गोल गोल फिरवून. हेच तुमचं सेन्सरी आणि हेच क्राफ्ट, वेगळा तास लावायची गरज नाही. ज्या मुलीला दिसत नाही तिला हाताने कळतं की काचपेपरवाली सगळ्यात खाली आणि मखमल सगळ्यात वर, आणि मग रचताना ती बाकीच्यांपेक्षा पुढे जाते, हे मुद्दाम घडू द्या. चेंडू जुन्या मोज्यांचा करा, आत घुंगरू घालून घट्ट शिवा, म्हणजे तो कुठे गेला ते ऐकू येतं. यात नवं काही नाही, अंधांच्या क्रिकेटमध्ये प्लास्टिकच्या बॉलमध्ये छर्रे असतात आणि बॉलिंग हात खाली ठेवून करतात, बॉल टप्पे खात खुळखुळत येतो. गोलबॉल नावाचा अंधांचा खेळ पॅरालिम्पिकमध्ये, म्हणजे अपंग खेळाडूंच्या ऑलिम्पिकमध्ये आहे, त्यातही बॉलमध्ये घंट्या असतात आणि खेळ चालू असताना प्रेक्षकांना गप्प बसावं लागतं. तुमच्या वर्गातही दोन मिनिटं असंच सगळ्यांनी गप्प बसून बघा, गोंगाटाचा त्रास होणाऱ्या ऑटिस्टिक मुलांनाही तेवढाच आराम.

कुकिंगला गॅस नको. ब्रेडच्या चकत्या वाटीने कापायच्या, पुदिन्याची चटणी, काकडी, उकडलेलं बीट, बटाटा, आणि खायची लगोरी रचायची. काकडी कापायला धारदार सुरी नको, बटर नाइफ आणि अर्धवट उकडलेली भाजी पुरते. कृतीचे फोटो काढून भिंतीवर ओळीत लावा, एक फोटो झाला की मुलाने तो उलटा करायचा, त्यामुळे आता पुढे काय हे सारखं सांगत बसावं लागत नाही. आणि सॅंडविच वाकडं झालं तर वाकडंच खायचं, कोणी सरळ करायला जाऊ नका.

प्रश्न: मुलगा सात वर्षांचा, ऑटिस्टिक. आम्ही इंदिरानगरला राहतो. शाळेतून मिठाच्या पिठाचं मेडल करून आणा असं सांगितलं, आणि हा ओल्या पिठाला हात लावला की किंचाळतो, गम तर नकोच. ग्राउंडवर शिट्टी वाजली की कान झाकून खाली बसतो. थेरपिस्ट म्हणतात सवय लावा, सासूबाई म्हणतात जबरदस्ती नको. काय करू?

उत्तर: या वेळी सासूबाई जास्त बरोबर आहेत! सवय लागते पण हात धरून पिठात बुडवल्याने लागत नाही, त्याने फक्त पुढच्या वेळी पीठ दिसलं की पळायची सवय लागते. काही मुलांना ओला चिकट स्पर्श नुसता नावडता नसतो, तो त्यांना टोचल्यासारखा जाणवतो, आणि आपण लाड समजतो.

कोरड्यापासून सुरू करा. आधी नुसता मैदा, त्यात बोटाने रेघा ओढायच्या, तोही नको असेल तर चमच्याने. मग पीठ झिप लॉकच्या पिशवीत भरून बाहेरून दाबायचं, हाताला काही लागत नाही पण आतला मऊपणा कळतो. बाजूला ओला नॅपकिन कायम ठेवा आणि पाहिजे तेव्हा पुसता येईल हे त्याला आधीच दाखवा, निम्मी भीती तिथेच जाते. मिठाच्या पिठाचं प्रमाण दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ, पाणी वाटीभर पण लागेल तसं थोडं थोडं. आणि ऑगस्टमध्ये ते उन्हात वाळेल या भरवशावर राहू नका, आपल्याकडे श्रावणात पापड वाळत नाही तर मेडल काय वाळणार, ओव्हन असेल तर अगदी मंद आचेवर दोन-तीन तास ठेवा. मूल तोंडात घालणारं असेल तर हे पीठ अजिबात देऊ नका, त्यातलं मीठ लहान मुलाला खरंच अपायकारक आहे.

पण मेडल पिठाचंच कशाला? पुठ्ठ्याच्या गोलाला पंचिंग मशीनने कडेने भोकं पाडायची आणि त्यातून लोकर ओवायची. पंच दाबायला जोर लागतो, असा जोर लावल्यावर बरीच मुलं शांत होतात. शाळेला सरळ चिठ्ठी लिहा की त्याचं मेडल ओवलेलं आहे.

शिट्टीचं म्हणाल तर पीटीच्या सरांना सांगा की रंगीत झेंडा वर केला की सुरू, खाली केला की बंद. घरी त्याच्याच हातात शिट्टी द्या, आवाज कधी येणार हे त्याच्या ताब्यात असलं की तोच आवाज पुष्कळदा चालतो. नाही चालला तर झेंडा आहेच.

प्रश्न: मी आजी आहे, सिडकोत राहते. नात पाच वर्षांची, डाऊन सिंड्रोम आहे. सून टबात तांदूळ आणि डाळ ओतून तिला खेळायला बसवते, मोबाईलवर बघून. पोरगी पायाने उधळते. अन्नाला पाय लागतो ते मला बघवत नाही. मी जुन्या वळणाची म्हणून चुकते का?

उत्तर: नाही आजी. सुनेचा हेतू चांगला आहे, हात घालून चाळवणं, ओतणं, भरणं हे मुलीला हवंच आहे, पण ते तांदळाशिवायही होतं. शिवाय ही वयाने पाच असली तरी वस्तू तोंडात घालत असेल, तर कच्ची डाळ, चिंचोके, मणी हे सगळं बाजूला ठेवा, घशात अडकतं. आणि ऑनलाइन मिळणारे पाण्यात फुगणारे रंगीत मणी तर घरात आणूच नका, गिळले तर ते पोटात जाऊन फुगतात आणि आतडं अडतं, ऑपरेशनची वेळ येते.

तुमच्याकडे सुनेपेक्षा भारी सामान आहे, स्वयंपाकघर! कणीक मळायला द्या. छोटा गोळा, मोठी परात, खाली ओलं फडकं म्हणजे परात फिरत नाही. तिला सांगा ही कुस्ती आहे, कणीक तुझ्या समोरचा पैलवान, चीत कर त्याला. तिला गंमत सांगा की खरे पैलवानही लाल मातीत ताक, हळद, तेल घालून ती मातीच तयार करतात, मग तिच्यात उतरतात. डाऊन सिंड्रोममध्ये स्नायू सैल असतात, सांधे जास्त वाकतात, त्यामुळे दाबणं, ढकलणं, ओढणं, कुटणं असली जोराची कामं फार उपयोगी पडतात. भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट खलबत्त्यात करू दे, पण अख्खे दाणे तिच्या हाती लागू देऊ नका, तुम्ही आधी ते जाडसर भरडून द्या. मटार सोलायला बसवायचं तर तुम्ही शेजारीच बसा, शेंग तिने उघडायची, दाणे तुम्ही काढायचे. मेथी निवडणं तर उत्तमच. अन्नाचा मान राहतो, पोरीला काम मिळतं आणि संध्याकाळी तिने मळलेल्या कणकेची पोळी तिच्याच ताटात पडते.

एक गोष्ट मात्र सुनेला नक्की सांगा. या मुलांच्या मानेच्या वरच्या दोन मणक्यांचा सांधा कधी कधी सैल असतो, म्हणून कोलांटउडी, डोक्यावर उभं राहणं, ट्रॅम्पोलिन, सूर मारणं हे डॉक्टरांनी मान तपासल्याशिवाय करायचं नाही. चालताना अचानक तोल जायला लागला, मान दुखते म्हणाली किंवा लघवीवरचा ताबा गेला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे.

प्रश्न: सातपूर एमआयडीसीत नोकरी. मुलगा चौदा वर्षांचा, सीपी, व्हीलचेअरवर. डोकं एकदम तल्लख, क्रिकेटचं वेड. शाळेत स्पोर्ट्स डेला त्याला टाळ्या वाजवायला बसवतात आणि कुकिंगच्या तासाला नुसतं बघायला. गिळायला थोडा त्रास आहे. त्याला खरंच काही करता येईल का?

उत्तर: दादा, बोचिया नाव ऐकलंय का? गंभीर सीपी असलेल्यांसाठीच सुरू झालेला खेळ, १९८४ पासून पॅरालिम्पिकमध्ये आहे. मऊ चेंडू, सहा लाल, सहा निळे आणि एक पांढरा, पांढऱ्याच्या जास्तीत जास्त जवळ आपले चेंडू न्यायचे, सगळं बसून. ज्याला हाताने टाकता येत नाही तो उतारावरून चेंडू सोडतो. त्याचा मदतनीस उतार डावीकडे-उजवीकडे फिरवतो, पण फक्त खेळाडू सांगेल तसाच, आणि त्या मदतनिसाने मैदानाकडे पाठ करून बसायचं असा नियम आहे! त्याला वळून बघायचीसुद्धा परवानगी नाही. मला तर वाटतं हा नियम आपल्या सगळ्या शाळांच्या क्राफ्टच्या तासाला लावावा, आम्हा थेरपिस्टांनाही लावावा.

उतार घरी होतो. चार इंची पीव्हीसी पाइप प्लंबरकडून उभा चिरून घ्या, कडा काचपेपरने घासा, स्टूलवर टेकवा. मोज्याचे चेंडू. रंगवायचं काम त्याचं, ब्रशच्या दांड्याला सायकलच्या हॅंडलची ग्रिप चढवा म्हणजे मूठ बसते. आणि हा क्रिकेटवेडा आहे ना, मग ग्राउंडवर त्याला स्कोअरर करा, टाळ्या वाजवायला नाही.

कुकिंगला सगळ्यात आधी बसणं बघा. कंबर मागे टेकलेली, पावलांखाली आधार, टेबल कोपराच्या उंचीला, एवढं नीट केलं तरी हात मोकळे चालतात. मग मिक्सरचं काम त्याचं. तुम्ही झाकण धरा, बटण तो दाबेल, किती वेळ फिरवायचं ते तो ठरवेल. मॅचच्या दिवशी पेठ-सुरगाण्याकडची नागली (नाचणी) आणा, तिची आंबील करा, ताक, जिरं, मीठ घालून मिक्सरमधून गुळगुळीत. किती दाट हवी हे मात्र स्पीच थेरपिस्टला विचारूनच, कारण गिळायला त्रास असलेल्यांना कधी पातळ जास्त धोक्याचं असतं. चिवडा, कुरमुरे, पॉपकॉर्न, सुके दाणे त्याला नकोत. द्राक्षं आपल्याकडे घरोघरी, पण अख्खं द्राक्ष लहान मुलांच्याही घशात बसतं, तेव्हा त्यांच्यासाठी उभं चिरून चार फोडी करायच्या, आणि तुमच्या मुलाला द्राक्ष द्यायचं की नाही हेही थेरपिस्टच सांगतील.

प्रश्न: खेळाडूंच्या गोष्टी सांगायच्या आहेत पण मुलं दोन मिनिटंही बसत नाहीत. (शिक्षिका, चांदवड)

उत्तर: मग बसवू नका. तुमच्याच तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ ला रिओ ऑलिम्पिकमध्ये नाव वल्हवत होता आणि २०१८ च्या एशियन गेम्समध्ये चौघांच्या नावेत सुवर्ण घेऊन आला. ही गोष्ट सांगताना दोन मुलं समोरासमोर, पावलांना पावलं लावून, मधे टॉवेल, एकाने ओढायचं मग दुसऱ्याने, म्हणजे नाव चालली. जोराचं काम आहे, त्यामुळे नंतर जरा बसतात. कविता राऊत सांगायची तर हरसूलकडची सावरपाड्याची मुलगी, २०१० च्या कॉमनवेल्थमध्ये दहा हजार मीटरला कांस्य, तेव्हा जागेवरच पळा, दगडावरून, चिखलातून, चढावरून, पावलांचा आवाज बदलत. मुरलीकांत पेटकरांचं १९७२ चं पॅरालिम्पिक सुवर्ण पोहण्यातलं, ५० मीटर फ्रीस्टाइल, त्यासाठी पाण्याची बादली आणि स्पंज पुरे, पिळायचा आणि भरायचा. एका दिवशी एकच गोष्ट घ्या आणि मुलांनी परत मागितली तर दुसऱ्या दिवशी तीच घ्या.